हक्कसोड

धम्मप्रियानं गोदावरीबाईंच्या दंडाला रबरी पट्टा आवळला, कोपराच्या आतल्या बाजूला बोटानं टिचकी मारली आणि शीर वर यायची वाट बघत बसली. शीर लवकर सापडेना. बाईंची साखर जुनी, हात सुयांना कंटाळलेले. एरवी सुई बघितली की त्या डोळे मिटून घ्यायच्या. आज मात्र तिच्याकडेच बघत होत्या.

"मॅडम, तुमच्या ओळखीत कुणी घर बघतंय का हो?"

"कुठलं घर?"

"हेच की. आमचं. मुलगा म्हणतो, आता पुण्याला या. ह्यांनाही आता माझं करणं झेपत नाही."

सुई आत गेली, नळीत रक्त चढू लागलं. धम्मप्रियानं पट्टा सोडला, कापूस दाबून धरला आणि मान वर करून पहिल्यांदाच त्या घराकडे नीट पाहिलं. एक बैठकीची खोली, आत एक झोपायची, स्वयंपाकघर, घरातच मोरी. जुळे सोलापुरातल्या जुन्या इमारतीचा दुसरा मजला. गॅलरीतून सकाळचं ऊन थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं.

"मीच बघतेय," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. सकाळी उजाडायच्या आत स्कूटी काढायची आणि ज्यांना लॅबपर्यंत येणं जमत नाही त्यांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचं, हे तिचं काम. लोक झोपेतून उठून दार उघडायचे. अंथरुणं तशीच पडलेली, आरशापुढे दात काढून ठेवलेले, कुणाच्या कोपऱ्यात रात्रीच्या भांडणाचा ताट-वाटीसकट पुरावा. शेकडो घरं तिनं अशी आतून पाहिली होती. कुठेही दहा मिनिटांपेक्षा जास्त ती बसली नव्हती. बस म्हणणारेही क्वचितच असत.

तिचं स्वतःचं बिऱ्हाड रामवाडीत होतं, शिवबाईंच्या माडीवरची एक खोली. फारकत झाल्यापासूनची ही चौथी. प्रत्येक ठिकाणी खोली दाखवता दाखवता पहिला प्रश्न तोच यायचा, मिस्टर काय करतात? ती सांगायची, पुण्याला असतात. ते खोटं नव्हतं. तो पुण्यालाच होता, दुसऱ्या बायकोबरोबर. त्यानंतरचा प्रश्न आडनावाचा असायचा आणि त्यानंतर बऱ्याचदा खोली आधीच कुणाला तरी दिलेली निघायची. शिवबाईंनी तसं काही केलं नव्हतं. पण आता त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. उन्हाळ्याच्या आत वरची खोली मोकळी करून द्या, एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि म्हणताना त्यांनाही वाईट वाटत होतं.

ही बातमी उत्पलाला सांगितली त्या दिवशी मुलीनं फक्त हातातलं पुस्तक मिटलं. सहावीत होती. आधीच्या खोलीतून इकडे येताना तिची पुस्तकं ज्या खोक्यात भरली होती, त्यातून तिनं ती कधी बाहेर लावलीच नव्हती. अभ्यासापुरतं पुस्तक काढायची आणि झालं की परत खोक्यात ठेवायची. धम्मप्रियाला वाटे, तिला ओरडावं, फळीवर लाव म्हणावं. पण कुठल्या तोंडानं म्हणणार?

गोदावरीबाईंचे यजमान देवदत्त सर शाळेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी भाव सांगितला तो वाजवी होता. बँकेतला माणूसही बरा निघाला. पगार बघून कर्ज होईल म्हणाला, पण बँक काही सगळंच देत नाही, पाचवा हिस्सा तुमच्या पदरचा हवा. पदरचं म्हणजे तिच्याकडे थोडा फंड आणि कानातलं. पुरणारं नव्हतं. तिनं सरांकडे दोन महिन्यांची मुदत मागितली. सरांनी विसारपत्र लिहायला घेतलं. नाव लिहिलं, आणि आडनाव विचारलं.

"शिवशरण."

सरांचं पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी ते आडनाव सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं आणि कागद तिच्यापुढे केला.

"दुसरं गिऱ्हाईक आहे एक," ते म्हणाले. "पण ते मुलाला परस्पर फोन करतात. तुम्ही मला विचारलंत."

त्याच आठवड्यात वळसंगहून दादाचा फोन आला.

"धम्मे, आबाची रस्त्याकडची जागा इकायलोय. पेट्रोल पंपवाला घेतोय. तुझं नाव लागलंय वारसात, तवा तुझी एक सही लागती. हक्कसोड. सोमवारी रजिस्टर कचेरीत ये की."

"येते की," ती म्हणाली. बहिणी असंच म्हणतात.

ती जागा आबांनी घेतली तेव्हा सगळा गाव हसला होता. आबा गावातल्या शाळेत शिपाई. अक्कलकोट रस्त्याच्या कडेला मुरमाड तुकडा, त्यात कुसळसुद्धा उगवत नव्हतं. आता रस्ता रुंद झाला आणि तोच मुरूम सोन्यासारखा झाला. आबा हे बघायला राहिले नाहीत, आई त्यांच्याही आधी गेलेली. राहिले ते दोघंच, संघपाल आणि ती.

संघपालनं तिच्या लॅबच्या कोर्ससाठी स्वतःची शाळा सोडून वडापची जीप चालवली होती. वळसंग-सोलापूर, सोलापूर-वळसंग, टपावर माणसं बसवून. फारकतीच्या वेळी टेम्पो घेऊन तोच आला. सामान चढवलं, उत्पलाला पुढे मांडीवर बसवलं आणि एक प्रश्न विचारला नाही. त्या न विचारण्याचं ओझं अजून तिच्या मानेवर होतं. त्या आठवड्यात तिनं कितीदा तरी फोन हातात घेतला. दादाचं नाव समोर यायचं, अंगठा तिथंच राहायचा. काय म्हणणार होती ती? तू माझ्यासाठी जीप चालवलीस, आता आबांच्या जागेतलं अर्धंही दे?

सोमवारी कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली तो उभा होता. बरोबर साक्षीदार म्हणून गावातले जोतिराम आणि प्रभु. दोघांनी इस्त्रीचे कपडे घातले होते. दादाच्या हातात पेरूची पिशवी होती.

"उत्पलाला," तो म्हणाला. "मळ्यातलं हायत. जास्त पिकल्यालं न्हाईत, बगून आणलंय."

तिनं पिशवी घेतली. ती बरीच जड होती.

आत गर्दी होती. नंबर यायला दुपार झाली. दस्त लिहिणाऱ्यानं कागद तिच्यापुढे धरून भराभरा वाचून दाखवला. सदर मिळकतीतील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध मी कोणताही मोबदला न घेता माझे बंधू यांच्या लाभात कायमचा सोडून देत आहे. तिला दिसत होतं ते वेगळंच. देवदत्त सरांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं ऊन. ती ते डोळ्यांपुढून घालवायचा प्रयत्न करत होती.

टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता नेहमीचं विचारलं,

"मजकूर ऐकलात? राजीखुशीनं सही करताय ना?"

"नाही," धम्मप्रिया म्हणाली.

साहेबांनी आता मान वर केली. मागे रांगेत कुणीतरी खोकलं. जोतिरामनं प्रभुकडे पाहिलं.

"काय झालं?" संघपालनं विचारलं. त्याला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही.

"दादा, मला पण राहायला घर पाहिजे."

एवढंच. तिच्या हातातल्या पिशवीतला एक पेरू खाली पडला आणि टेबलाखाली गडगडत गेला. तो उचलायला कुणी वाकलं नाही. साहेब म्हणाले, तुमचं आधी बाहेर ठरवून या, आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

बाहेर दादा बराच वेळ कडुनिंबाच्या खोडाकडे तोंड करून उभा राहिला. साक्षीदार दोघं शहाणपणानं चहाच्या गाडीकडे गेले होते.

"फोनवर का न्हाई बोललीस?"

"धीर झाला नाही."

"आन् हितं झाला? गावाच्या दोन मानसांम्होरं?"

तिनं पेरूंची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी न्हाई म्हणालो असतो का, धम्मे?"

त्यानं हे रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, याचं उत्तर तिलाही माहीत नाही आणि त्यालाही नाही. आणि आता ते कधीच कळणार नाही.

पुढचं सगळं बिनबोभाट झालं. खरेदीखतावर विकणारे म्हणून दोघांची नावं लागली. सही करायच्या दिवशी दादा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. पुढे एका सकाळी ती कुणाच्या तरी घरी रक्त घेत असताना खिशातला मोबाइल थरथरला. तिचा निम्मा वाटा बँकेत जमा झाला होता. बरोबर निम्मा, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. त्यासोबत एक शब्दही नव्हता. भांडला असता, काही कापून घेतलं असतं, तर तिला त्याच्यावर चिडता आलं असतं. त्यानं तेवढीही सोय ठेवली नाही.

तिनं फोन केला. वैनींनी उचलला.

"शेताकडं गेल्यात," मीनावैनी म्हणाल्या. मागे दादाच्या खाकरण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"बरं. आल्यावर सांगा."

"सांगते की."

दरवर्षी भीमजयंतीला ती उत्पलाला घेऊन वळसंगला जायची. मिरवणूक दारावरून गेली की वैनी सगळ्यांना ताकाचे पेले भरून द्यायच्या. यंदा आदल्या दिवसापर्यंत ती बोलावण्याची वाट बघत राहिली. आजवर बोलावणं कधी आलंच नव्हतं, त्याची कधी गरज पडली नव्हती, हे तिला माहीत होतं. तरी यंदा ती वाट बघत राहिली आणि शेवटी गेली नाही. उत्पलाला घेऊन आंबेडकर चौकात गेली. गर्दीत मुलीचा हात घट्ट धरून उभी राहिली. निळा गुलाल उडत होता, ओळखीचं एक माणूस दिसलं नाही.

घर झालं. देवदत्त सरांनी किल्ल्या दिल्या तेव्हा गोदावरीबाई रडल्या. ते दोघं पुण्याला गेले आणि धम्मप्रियाला कळलं की रिकाम्या झालेल्या घरात ठेवायला तिच्याजवळ फारसं काही नाही. एका खोलीचं सामान दोन खोल्यांत पसरलं तरी भिंती उघड्याच राहिल्या. बैठकीच्या खोलीत एक प्लास्टिकची खुर्ची आणि एक चटई.

बुद्धपौर्णिमेला तिनं गृहप्रवेश ठेवला. ऊन असं की गॅलरीचे गज धरवत नव्हते. पांढरी साडी नेसून ती पहाटेपासून खीर ढवळत होती. दादाला फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. मग निरोप लिहून पाठवला. तो त्यानं वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. तरी तिनं खीर गावाकडची माणसं धरूनच केली. वंदना झाली, लॅबमधले चौघं आले, जेवले, घर हवेशीर आहे म्हणाले, आणि उन्हं उतरायच्या आत गेले. कुणी जिना चढलं की ती स्वयंपाकघरातून कान द्यायची. पावलं वर, तिसऱ्या मजल्यावर जायची.

उरलेली खीर तिनं खालच्या वॉचमनला नेऊन दिली.

"लई झालीय की, ताई," तो म्हणाला. "पाव्हणं आलं न्हाईत का?"

"आले होते," ती म्हणाली.

जूनमध्ये उत्पलाची शाळा सुरू झाली. धम्मप्रिया दुपारी कामावरून आली की घरात कुणी नसायचं. भाड्याच्या खोलीत असताना खालून शिवबाईंच्या टीव्हीचा आवाज यायचा, जिन्यावरून कुणीतरी वाकून बोलायचं. इथं दार लावलं की सगळं मिटायचं. आता कुणी मिस्टर काय करतात विचारत नव्हतं. आता कुणी काहीच विचारत नव्हतं. भाकरी ताटात घेऊन ती गॅलरीच्या दारात बसायची आणि समोरच्या इमारतीतल्या बाया वाळलेले कपडे काढताना बघायची.

अशाच एका दुपारी बेल वाजली. दारात मीनावैनी उभ्या होत्या. एकट्या. हातात कापडी पिशवी, पदरानं तोंड पुसत.

"पत्ता लई लांब हाय तुमचा, वन्सं."

धम्मप्रियानं आधी त्यांच्या खांद्यावरून मागे जिन्याकडे पाहिलं.

"एकलीच आले," वैनी म्हणाल्या. "ह्यांना ठावं न्हाई. दवाखान्यात जाते म्हणून निगाले."

त्या आत आल्या. पाणी प्यायल्या. मग न सांगता घर बघत फिरल्या. ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून बघितला आणि लगेच बंद केला. आतल्या खोलीच्या दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या. धम्मप्रिया चहाचं आधण ठेवून पाठमोरी उभी राहिली. आता येईल, तिला वाटत होतं. ज्यांनी तुम्हाला शिकवलं, त्यांना चार माणसांत खाली बघायला लावलंत. पाच महिने ती या वाक्याची वाट बघत होती. आलं असतं तर तिला सुटल्यासारखंच झालं असतं.

वैनी चटईवर टेकल्या. बशीत चहा ओतला, प्यायला मात्र नाही.

"परवा मैंदर्गीला जायचंय मला."

"माहेरी? काही विशेष?"

"थोरल्या भावाचा फोन आल्ता. सहीला बलिवलंय."

चहा बशीत निवत राहिला. खालून एक रिक्षा गेली.

"वन्सं, तुमी तितं काय म्हणालात?" वैनींनी खाली बघतच विचारलं. "ह्यांनी कदी सांगितलं न्हाई. जोतिरामभावजी सांगत हुते, पण त्यांनी लई तिकटमीट लावून सांगितलं. तुमी भांडला, टेबल बडवला असं. मला काय ते खरं वाटलं न्हाई."

धम्मप्रिया त्यांच्यासमोर चटईवर बसली. या बाईनं आजवर तिला कधी काही विचारलं नव्हतं. भाकरी वाढू का, यापलीकडे.

"वैनी, त्या दिवसापासून दादानं मला फोन केलेला नाही. ते धरून चाला."

"माझ्या भावांचा तसाबी कुटं येतोय? आई गेल्यापासनं ह्यो पयलाच आला. सहीसाठी."

"तुम्हाला कशाला हवाय वाटा? घर आहे की तुम्हाला."

"ह्यांचं हाय की," वैनी म्हणाल्या. मग जरा थांबून, "तलाठ्यानं उतारा दावला मला. भावांच्या नावाखाली माझं नाव हाय. पुरं नाव, बापाच्या नावासकट. दुसरं कुटं असं लिवल्यालं न्हाई माझं. ते खोडायचं म्हंजे... निदान कुनी इचारावं तरी, की खोडू का म्हणून."

धम्मप्रिया चटईवर जरा पुढे सरकली.

"ऐनवेळी बोलू नका. लोकांसमोर नको. आदल्या दिवशी जा. घरात, चहा झाला की, दुसरं कुणी नसताना सांगा."

"काय म्हणू पण? तोंडच उगडायचं न्हाई माझं. थोरला लई तापट हाय. नुसतं का म्हणाला तरी मी सही करून मोकळी हुईन."

"मग आत्ता म्हणून बघा."

"आत्ता? कुणाला?"

"मला. मी तुमचा भाऊ."

वैनी हसल्या, पदर तोंडाला लावून. पण धम्मप्रिया उठून प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसली, तसं त्यांचं हसू मावळलं. त्यांनी सवयीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मांडी मोडून नीट बसल्या.

"अण्णा," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "अण्णा, चहा झाला का?"

"झाला."

"अण्णा..."

गॅलरीतून वाऱ्याची गरम झुळूक आत आली. वैनींचे दोन्ही हात चटईच्या काडीशी चाळा करत होते. मग ते थांबले.

"अण्णा, मी सही करणार न्हाई."

खोलीत सामान नव्हतं. आवाज उघड्या भिंतींवर आपटून मोठा होऊन परत आला. दोघीही दचकल्या. वैनींनी भेदरून दाराकडे पाहिलं आणि मग धम्मप्रियाकडे, झालं ना, आता उठू का, असं विचारत असल्यासारखं.

धम्मप्रिया उठली नाही. ती खुर्चीत ताठ बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. समोर खाली बसलेली बाई इथून फार लहान दिसत होती.

"का?" तिनं विचारलं. तो आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा कठोर निघाला.

आणि ती उत्तराची वाट बघत राहिली.